दिवाळी अंकावरचं लाल लुगडं

आगाशीच्या बाजारात आता जिथे केकचं दुकान आहे, तिथे पूर्वी बायकांचे कपडे शिवायचं दुकान होतं, हे केक घ्यायला आलेल्या पोरींना सांगितलं तर त्या माझ्याकडे बघून नुसत्या हसतात. हसू देत. मला मात्र त्या काचेच्या कपाटातला गुलाबी केक दिसतच नाही. तिथे मला शिवणयंत्र दिसतं, त्याच्या पायट्यावर आलटून पालटून हलणारे दोन सावळे पाय दिसतात आणि पायांच्या वर गुडघ्याशी खोचलेलं लाल लुगडं दिसतं.

ते दुकान मावशीचं. मावशी म्हणजे माझी सख्खी मावशी नव्हे. आगाशीजवळच्याच एका गावातली कॅथलिक बाई, माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठी, आणि अख्खा बाजार तिला मावशीच म्हणायचा. नवऱ्याची केळीची आणि भाजीची वाडी होती. सकाळी वाडीतलं काम उरकून ती दुकान उघडायची, दुपारी जेवायला घरी जायची, पुन्हा यायची. त्या बाजारात कापडं शिवणाऱ्या आणखी दोघीतिघी होत्या, पण लुगडं नेसून शिवणारी ही एकटीच.

मी कराडकडची. लग्न करून विरारला आले ती चंदनसारला, एका नव्या बिल्डिंगमधल्या दोन खोल्यांत. नवरा सकाळी मुंबईला गेला की घर खायला उठायचं. मग मी हातपाय हलवून आगाशीच्या एका छोट्या वाचनालयात अर्ध्या दिवसाचं काम मिळवलं. पूल ओलांडून पश्चिमेला यायचं, बस पकडायची आणि बाजारात उतरायचं. पगार सांगण्यासारखा नव्हता, पण तेव्हा मला पगारापेक्षा माणसं हवी होती. वाचनालय रस्त्याच्या अलीकडे, मावशीचं दुकान बरोबर पलीकडे. वाचक नसले की मी पलीकडे असायची. आणि खरं सांगायचं तर वाचक बरेचदा नसायचेच.

माझं काम पुस्तकं देण्याघेण्याचं असलं तरी आमच्याकडे खरी फिरायची ती मासिकं. बायकांनी ती घडी घालून पिशवीत टाकायची, भाजी निवडताना चाळायची, नवऱ्याला जेवण वाढताना कुकरच्या झाकणाखाली ठेवायची. फिरून फिरून ती इतकी जर्जर व्हायची की शेवटी रद्दीत काढावी लागायची. पण रद्दीत टाकण्याआधी मी त्यांची कव्हरं फाडून मावशीला देत असे. मावशी ती दुकानाच्या भिंतीवर खळीने चिकटवायची. गिऱ्हाइकाने यायचं, भिंतीकडे बोट करायचं आणि म्हणायचं, हा गळा, ही बाही, अशी पट्टी. मापं घेऊन मावशी कामाला लागायची. नमुन्यांचं पुस्तक वगैरे भानगड नव्हती. भिंत हेच पुस्तक.

त्या भिंतीसमोर बसून मी किती दुपारी घालवल्या! आता मासिकंच राहिली नाहीत, आहेत ती कुणी कव्हर बघून विकत घेत नाही. तेव्हा मात्र महिना बदलला की बाई बदलायची. जूनच्या अंकावर छत्री घेतलेली बाई असायची, आणि एवढ्या पावसात तिच्या केसाचं टोकसुद्धा भिजलेलं नसे. गणपतीच्या अंकावर नथवाली. संक्रांतीच्या अंकावर काळी साडी आणि हलव्याचे दागिने. दिवाळीला हातात पणती, आणि पणतीची धग तिला कशी लागत नाही हे कोडं मला कधी सुटलं नाही. इंग्रजी अंक आम्ही घेत नव्हतो, पण कुणीतरी आपल्या घरचे जुने आणून द्यायचे. त्यांच्यावरच्या बाया हडकुळ्या आणि रागावलेल्या. जणू ऐन स्वयंपाकात गॅस संपलाय.

अर्नाळ्याच्या कोळणी ब्लाउज शिवायला यायच्या. मासळी विकून, हातपाय धुऊन, अंगावर भरगच्च सोनं घालून. एकीने एकदा त्या इंग्रजी बाईकडे बराच वेळ बघितलं आणि मावशीला विचारलं, "हिला घरात कोन जेवाया देत नाय काय गो?" मग स्वतःच म्हणाली, "दोन म्हयने आमच्याकडं धाडा. बोंबील खाऊन कशी टुमटुमीत होते बगा."

नालासोपाऱ्याहून एक मुलगी यायची, डोक्याला कायम ओढणी गुंडाळलेली. ती भिंतीवरून गळा एका बाईचा निवडायची आणि बाह्या दुसरीच्या, कारण तिला बाह्या मनगटापर्यंत हव्या असायच्या. एकदा ती सहज म्हणाली, "आंटी, इतनी सारी हैं, पण आमच्यासारखी एक पण नाही." त्यावर मावशी टाचणी ओठांत धरूनच म्हणाली, "आमच्यासारखी तरी कुठं हाय?"

ते मी ऐकलं आणि भिंतीकडे नव्याने बघितलं. खरंच नव्हती. एवढ्या बायांत सावळी एकसुद्धा नव्हती. मी स्वतः चांगली काळीसावळी, सासरी आल्या आल्या माझ्या रंगावरून दोन टोमणे खाल्लेली, पण मलाही ते इतके दिवस जाणवलं नव्हतं, कारण कव्हरवर गोरी बाईच असते हे मी भाकरी गोल असते तसं धरून चालले होते. कोळीण फक्त एका अंकावर होती, तीही खरी नव्हे. मुंबईची कुणी मॉडेल, डोक्यावर रिकामी टोपली आणि कमरेवर हात. ते कव्हर अर्नाळेकरणींनी बघितलं तेव्हा त्या पोट धरून हसल्या. आणि क्रूस घातलेली बाई? छे. गळ्यात क्रूस आणि अंगावर लुगडं अशी बाई मराठी बोलते, मराठीत प्रार्थना म्हणते, हे त्या अंकवाल्यांच्या गावीही नसावं.

एके वर्षी, दहाबारा वर्षं झाली असतील आता, आमच्या वाचनालयाने स्वतःचा दिवाळी अंक काढायचं ठरवलं. आधीही दोन निघाले होते, पातळ, हौशी, जाहिरातींनी भरलेले. या वर्षी विषय ठरला आपल्या भागातली वेशभूषा. वाडवळ कसे नेसायचे, आगरी कसे नेसतात, कोळणींचं लुगडं, कॅथलिकांचं लुगडं. संपादक मंडळात चौघं जण होतो. अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापक, सगळे त्यांना सर म्हणायचे. भला माणूस. कुणाच्या अडीनडीला धावून जाणारा. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी त्यांच्यावर तोंडसुख घेणार आहे.

मुखपृष्ठाचा विषय निघाला तशी मी म्हटलं, "मावशी."

सगळ्यांना पटलं. समोरच तर बसते, रोज दिसते, लुगडं नेसणारी आता उरली कोण? सर म्हणाले, "वा! याला म्हणतात काखेत कळसा." मी तिथूनच रस्ता ओलांडून पळत गेले.

मावशी आधी माझ्यावर उखडली. "माझं थोबाड कोनाला बगायचंय, बाय?" मग यंत्र थांबवलं. मग चाक हाताने उगीच मागेपुढे फिरवलं. आणि मग तिने विचारलं, "तो अंक परदेशात धाडता येतो काय?"

तेव्हा मला तिच्या मुलीची गोष्ट कळली. एकुलती एक मुलगी, शिकून नर्स झालेली, नवऱ्याबरोबर परदेशात गेलेली. पोरगी वाईट नव्हती. दर रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की फोन करायची, आईला औषधं घे म्हणून दटावायची. पण लहानपणापासून तिला आईच्या लुगड्याची लाज वाटायची. शाळेत इतर मुलींच्या आया साडीत नाहीतर फ्रॉकमध्ये यायच्या. पालकांच्या सभेला येऊ नको, आणि आलीस तर साडी नेसून ये, असं तिने एकदा सांगितलं होतं. पुढे तिच्या लग्नातही हाच विषय. सासरची माणसं शहरातली, फोटो चांगले यायला हवेत. मावशीने मुलीच्या लग्नात साडी नेसली. "आयुष्यात एकदाच," ती म्हणाली. "सगळा येळ वाटत होतं, कोनाचीतरी नेसून आलेय."

"मग अंकावर तू लुगड्यात हवीस," मी म्हटलं.

"लुगड्यातच," ती म्हणाली. "तिला बगू दे. लाज वाटन्यासारखी असते तर पुस्तकावर छापली असती काय?"

एवढंच तिला हवं होतं. पैसा नको, सत्कार नको. मुलीने एकदा आईला कव्हरवर बघावं. मी त्या दिवशी घरी जाताना बसमध्ये एकटीच हसत होते, शेजारच्या बाईने जरा सरकून घेतलं.

फोटोचा दिवस ठरला. विरारहून एक स्टुडिओवाला आला. फोटो मावशीच्या वाडीतच घ्यायचे होते, केळीच्या पानांतून ऊन येतं तिथे. मावशी तयार होऊन बाहेर आली आणि मी बघतच राहिले. नवं लाल लुगडं, बारीक चौकड्यांचं, कासोटा घट्ट आणि बेतशीर. कानात सोन्याची फुलं. गळ्यात पोत आणि तिच्या खाली छोटा सोन्याचा क्रूस. अंबाड्यावर अबोलीची वेणी, नवऱ्याने पहाटे उठून स्वतः वाडीतली फुलं तोडून दिलेली. तो नवरा, म्हणजे काका, विहिरीच्या कठड्यावर बसून सगळं बघत होता आणि बिडी पेटवायचीसुद्धा विसरला होता.

सर पण आले होते. त्यांनी मावशीकडे बघितलं, तोंडभर कौतुक केलं, आणि मला बाजूला घेतलं.

"एक अडचण आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "कपाळ."

मला कळेना. मावशीच्या कपाळाला काय झालं?

"मोकळं आहे हो," सर म्हणाले. "दिवाळी अंक आहे. लक्ष्मीपूजनाला लोक घरात आणतात. मुखपृष्ठावर सवाष्ण दिसायला हवी. हे बघून लोक काय समजतील?"

"अहो, पण त्या ख्रिश्चन आहेत. त्या कुंकू लावत नाहीत. नवरा समोर बसलाय, तो बघा, विहिरीवर!"

"ते तुम्हाला माहीत, मला माहीत. डोंबिवलीच्या वाचकाला काय माहीत? मुखपृष्ठावर खाली छापायचं का, 'यांचे यजमान हयात आहेत' म्हणून?"

मला आधी हसू आलं आणि मग संताप आला. मी म्हटलं, "छापा! त्यांचा फोटोही छापा शेजारी." पण सरांनी खिशातून टिकल्यांचं पाकीट काढलं होतं. घरून आणलं होतं, म्हणजे हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. बायकोच्या कपाटातून घेतलेलं असणार, त्यावरची एक टिकली आधीच वापरलेली होती.

आमची कुजबुज चालली होती तरी मावशी काही बहिरी नव्हती. ती जवळ आली. पाकीट बघितलं. तिला राग येईल असं वाटलं होतं, पण ती रागावली नाही. म्हणाली, "सर, टिकली लावायला माझं काय जातंय? एवढीशी तर गोष्ट. पन मग ती तुमची कोनतरी बाई व्हईल. मी नाय. पोरीला काय सांगू? की बग, आई पुस्तकावर आली, पन आधी दुसरीच झाली?"

"क्रूससुद्धा नुसता पदराखाली घेतला तर..." सर चाचरत म्हणाले.

त्यावर विहिरीवरून काकांचा आवाज आला. "लग्नात मी घातलाय तो तिच्या गळ्यात. मी मेलो की झाका."

सर ओशाळले. खरंच ओशाळले, चष्मा काढून पुसू लागले. "राहू दे, राहू दे," म्हणाले. "आहे तसाच घ्या फोटो." स्टुडिओवाल्याने मग भराभर फोटो घेतले. समोरून, बाजूने, हातात अबोलीची परडी घेऊन, केळीच्या खोडाला टेकून. मावशी सुरुवातीला लाकडासारखी ताठ उभी होती, मग काका काहीतरी त्यांच्या बोलीत बोलले, ते मला कळलं नाही, आणि ती खळखळून हसली. तो फोटो मी स्वतः कॅमेऱ्यात बघितला. काय हसली होती! सगळे दात, सगळ्या सुरकुत्या, तो क्रूस एका बाजूला घसरलेला. मी स्टुडिओवाल्याला म्हटलं, हाच. तो म्हणाला, हाच.

पुढचे पंधरावीस दिवस मी कराडला होते. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन. परत आले तोवर अंक छापून आला होता. वाचनालयाच्या टेबलावर गठ्ठे रचलेले होते, नव्या शाईचा तो वास, जो मला अजूनही कुठेही आला तरी दिवाळी वाटते. मी वरची सुतळी तोडली.

मुखपृष्ठावर मावशी होती. पाठमोरी.

केळीच्या पानांतून आलेलं ऊन, लाल लुगडं, कासोट्याची ती सुबक रेघ, अंबाड्यावर अबोली, काखेत परडी. वाडीच्या पायवाटेवरून आत चाललेली. फोटो संपल्यावर ती पाणी प्यायला घरात निघाली तेव्हा स्टुडिओवाल्याने जाता जाता टिपलेला. चेहरा नाही. कपाळ नाही. क्रूस नाही. फोटो सुरेख होता, हे मला नाकारता येत नाही, आणि त्यामुळेच माझं डोकं जास्त फिरलं.

सर खूश होते. "बघा, सुंठीवाचून खोकला गेला," म्हणाले. "कुणाचं मनही दुखावलं नाही आणि टिकलीचा प्रश्नही उरला नाही. शिवाय किती प्रतीकात्मक! ही एक बाई नाही, ही आपली सगळी संस्कृतीच चालली आहे."

"संस्कृतीला तोंड नसतं का?" मी विचारलं.

मग मी खूप बोलले. काय काय बोलले ते आता सगळं आठवत नाही, पण बाजारातली माणसं डोकावून गेली इतपत आवाज होता. बाकीचे दोघे सभासद अंकांचे गठ्ठे मोजत बसले. सर शेवटी म्हणाले, "तुम्ही तरुण आहात, तुम्हाला समाज ठाऊक नाही." मी काही फार तरुण नव्हते. पण अंक छापून झाला होता. भांडून तो पुन्हा छापला जाणार नव्हता.

अंक घेऊन मलाच पलीकडे जावं लागलं. मावशी एका कोळणीच्या चोळीला हुक लावत होती. हात पुसून तिने अंक घेतला. बघितला. बराच वेळ बघितला. मग उलटला. मागच्या पानावर वसईच्या एका सराफाची जाहिरात होती, त्यात गोरीपान बाई, नथ, मोठी चंद्रकोर, मोत्यासारखे दात.

"हां," मावशी म्हणाली. "तोंड हितं हाय."

कोळीण हसली. मीही हसले असते, एरवी. मावशी हसली नाही. तिने अंक यंत्राच्या बाजूला ठेवला आणि हुक लावायला घेतला. थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता म्हणाली, "लुगडंच पायजे होतं तर मला सांगायचं. खुंटीला टांगून दिलं असतं. त्याचा फोटू काढायचा."

"परदेशात पाठवायला एक प्रत बाजूला ठेवू?" मी कसंबसं विचारलं.

"नको. कोन वळखनार? पाठ काय, कोनाचीबी असते."

मला इतकं वाईट वाटलं की मी तिथे थांबू शकले नाही. संध्याकाळी घरी जाताना मी तिच्या दुकानाकडे बघितलंही नाही. नवऱ्याला सगळं सांगितलं, तो म्हणाला, अगं एका फोटोचं काय एवढं, आणि त्या रात्री त्याला आमटी खारट मिळाली.

अंक मात्र गाजला. आजवर आमच्या अंकाच्या एवढ्या प्रती कधी गेल्या नव्हत्या. लोक मुखपृष्ठाचे फोटो काढून एकमेकांना पाठवत होते. विरारच्या नव्या बिल्डिंगमधल्या बायका, ज्यांनी आयुष्यात लुगडं जवळून पाहिलं नव्हतं, त्या वाचनालयात येऊन विचारायच्या, "हे कुठे मिळतं हो?" आणि रस्त्यापलीकडे तेच लुगडं नेसून बसलेल्या मावशीकडे पाठ करून उभ्या असायच्या. मी बोट दाखवलं तर म्हणायच्या, "अय्या, त्या होय?" एकदोघी जाऊन तिच्याबरोबर सेल्फी काढून आल्या. मावशी त्यांना नाही म्हणाली नाही. पण अंकाचा विषय तिने माझ्याकडे पुन्हा काढला नाही, आणि मीही काढला नाही. आम्ही चहा प्यायचो, भिंतीवरच्या बायांना नावं ठेवायचो, पण मधे काहीतरी बसून राहिलं होतं.

नाताळ जवळ आला तशी दुकानात गर्दी वाढली. ज्याला त्याला कपडे सणाआधी हवेत. मी रिकामी असले की बटणं लावायला बसायची, माझं शिवण तेवढ्याच लायकीचं होतं. अशीच एक दुपार. वार बहुतेक गुरुवार असावा, निदान रविवार नव्हता हे नक्की, कारण मावशीचा फोन वाजला आणि त्यावर मुलीचं तोंड दिसलं तशी ती घाबरलीच. फोन नेहमी रविवारी यायचा.

"काय झालं गो? बरी हायस ना?"

"बरी हाय. आई, तू सांगितलं नायस मला!"

मुलगी कामावरच्या कपड्यांत होती, मागे पांढरी भिंत. तिच्या गावच्या कुणीतरी मैत्रिणीने तो फोटो त्यांच्या ग्रुपवर टाकला होता. खाली काहीही लिहिलं नव्हतं, नुसतं 'आपली संस्कृती' आणि एक लाल बदाम. मावशीने फोन शिवणयंत्राला टेकवून उभा केला. मी उठायला लागले तर तिने माझा हात धरून बसवलं.

"कोनी सांगितलं तुला, ती मी हाय म्हनून?" तिने विचारलं.

"सांगायला कोन कशाला पायजे?"

"तोंड कुठं हाय त्यात? तोंड नाय, काय नाय."

मुलगी हसली. हसता हसता तिचा चेहरा बदलला. ती तिकडे आजूबाजूला बघून घेऊन, कुणी ऐकत नाही ना याची खात्री केल्यासारखी, कॅमेऱ्याजवळ आली.

"आई, तोंडापेक्षा तुझी पाठच मी जास्त बगितलीय," ती म्हणाली. "शाळेत सोडायला यायचीस ना तू. मी तुझ्या मागनं चालायची. लांबून. पोरींना कळू नये म्हनून, तू माझी आई हायस ते." मग तिने नाक पुसलं, आणि पुन्हा म्हणाली, "रोज, आई. रोज मागं राहायची मी. मुद्दाम."

मी खाली मान घालून हातातल्या बटणाकडे बघत होते. दुकानात एक गिऱ्हाईक आत येता येता उंबऱ्यातच थांबलं.

मावशीने पदराने फोनची काच पुसली, खरं तर ती स्वच्छ होती.

"मला काय ठाव नव्हतं?" ती म्हणाली. "म्हनून तर सावकाश चालायची मी. तू फार मागं पडू नयेस म्हनून."